लेझीम आणि अपूर्णांक

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवे काही शिकू नये, असे माझे प्रामाणिक मत होते. शिकायचे म्हणजे चुकायचे, आणि मास्तरकीत चुकण्याची सवय पार मोडते.

गेल्या वर्षी २६ जानेवारीसाठी कस्तुरचंद पार्कावर लेझीम खेळायची ठरली, आणि शिक्षकांनीही मुलांच्या रांगेत उतरायचे ठरले. नागपुरातली डिसेंबरची सकाळ. हातातली साखळी बर्फासारखी गार. लेझीम म्हणजे मुळात दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले कसरतीचे धनुष्य, ही माहिती मी मुलांना मोठ्या रुबाबात दिली. मग हलगी कडाडली आणि रुबाब संपला.

कवायतीत चूक झाकता येते. लेझमीत चकत्या चहाडी करतात. चाळीस साखळ्यांचा एकच 'छन्' उठे, आणि त्यामागून माझा एकट्याचा दुसरा! पायांकडे पाहावे तर हात चुके, हात सावरावा तर पाय. अर्जेंटिनाच्या टँगो नाचात आधी नुसते चालायला शिकवतात, हे वाचून मी कधीकाळी हसलो होतो. आता हसू येईना. आठव्या दिवशी मी लेझीम भिंतीला टेकवली आणि 'कादंबरीची प्रुफे तपासायची आहेत' हे कारण मनाशी तयार केले.

शेजारी सहावीतला एक मुलगा खेळे. अपूर्णांकांपायी मी त्याला कितीदा बाकावर उभे केले होते.

"कसं रे जमतं तुला?" मी विचारले.

"सोपं आहे नं, सर!"

माझेच वाक्य! फळ्यापाशी उभा राहून मी ते त्याला रोज ऐकवी. 'सोपे आहे' म्हणणारा न येणाऱ्याला किती एकटे पाडतो, ते त्या क्षणी कळले.

पण पोरगा माझ्याहून बरा मास्तर निघाला. त्याने माझे मनगट धरले. "पायांकडे नका पाहू. माझ्यासंगं वाजवा." हलगीशिवाय, अगदी संथ, रोज पंधरा मिनिटे आम्ही वाजवीत राहिलो.

सव्वीस तारखेला मी एकदाच चुकलो.

पुढे अपूर्णांकांचा तास आला. 'सोपं आहे' ओठांवर आलेच होते, ते गिळले. खडू ठेवून मी त्याच्या बाकावर जाऊन बसलो आणि एक संत्रे सोलले. फोडी निघाल्या दहा. त्याने तीन खाल्ल्या.

"आता कितवा हिस्सा उरला?" मी विचारले, आणि थांबलो.