भिंत भिजली, डिपॉझिट कापलं

"मॅडम, पाणी वरून आलं हे खरं, पण कपाट भिंतीला टेकवलं कुणी?" घरमालक काकांचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

परभणीत वसमत रोडकडं आम्ही भाड्यानं राहायचो. करार ११ महिन्यांचा, दरवेळी नवा. वरची गच्ची उघडी, तिचा कोबा जागोजागी फुटलेला. पावसाळ्याआधीच काकांच्या कानावर घातलं होतं. २०२४ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, १ सप्टेंबरला, मराठवाड्यात पाऊस कोसळला. रात्रीतून स्लॅब गळू लागला, पाणी भिंतीवरून उतरत स्विचबोर्डात शिरलं. मेन बंद करून अंधारात पातेली लावत बसलो. गादी गेली, मुलीची दहावीची पुस्तकं गेली. त्याचा एक रुपया मी मागितला नाही.

दिवाळीनंतर घर सोडलं, तेव्हा काका पेंटरला घेऊन आले. त्यानं पत्रीनं पोपडे खरवडले. आत विटेपर्यंत ओल. तो म्हणाला, "काका, वरून गळती बंद केल्याशिवाय रंग टिकायचा नाही." काकांनी ऐकून घेतलं आणि पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग, मजुरी, सगळं माझ्या डिपॉझिटमधून कापलं. "भिंत तुमच्याकडं असतानाच खराब झाली ना?" गच्चीची किल्ली मात्र कायम त्यांच्याकडं!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ सांगतं, की वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूनं ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. वाचून धीर आला. वकिलांनी कागद पाहिला. "मॅडम, तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा. तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक. या कलमावर तुम्हाला भांडत बसावं लागेल." दर महिन्याला भाडं मोजायचं आणि भाडेकरू मात्र नाही! काकांपेक्षा मला याचाच संताप जास्त येतो.

कधी वाटतं, काकांनी निवृत्तीच्या पैशांतून घर बांधलं, गच्चीच्या खर्चाला हात आखडला असेल. पण पेंटरचं बोलणं आठवलं की ही दया टिकत नाही. पैसे आखडले म्हणून ते माझ्याकडून का घ्यावेत?

करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही याच कायद्यानुसार मालकाची जबाबदारी आहे. नोंदणीचा आग्रह धरा, आणि स्लॅब गळला तर दुरुस्ती कुणी करायची, हे त्यात लिहिल्याशिवाय सही करू नका.