एकट्याचा हिशेब

माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीला यंदा नोकरी लागली. एक नव्हे, तीन लागल्या. एक मुंबईला, एक पुण्याला आणि एक बंगळूरला. आमच्या वेळी एका नोकरीपायी चपलांचे दोन जोड झिजत. त्यामुळे तिघींतली कोणती घ्यावी हा प्रश्न आमच्या घराण्यात प्रथमच उभा राहिला आणि तो सोडवण्याचा अनुभव कुणाच्याच गाठीला नव्हता. एके दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, तुमचा सगळा जन्म हिशेबात गेला. मला एवढंच सांगा, एकट्या माणसाला सुखानं राहायला कुठल्या गावात किती पगार लागतो?"

खरे सांगायचे तर मला मनातून बरे वाटले. पेन्शनीत निघालेल्या माणसाला कुणी त्याच्या कामातले काही विचारले की त्याला उगीचच बोहणी झाल्यासारखे होते. १९७२ ते २०१० अशी अडतीस वर्षे मी सरकारच्या एका हिशेब-कचेरीत काढली. लोकांची प्रवासबिले तपासणे हे माझे काम. टांग्याला दीड रुपया पडला असे कुणी लिहिले, की स्टेशनापासून त्याचे घर किती लांब, हे मी आधी पाहत असे. खोटा आकडा मला वासावरून कळतो अशी कचेरीत माझी ख्याती होती. मी तिला म्हटले, "दोन दिवस दे. कागदावर मांडून पाठवतो."

हा प्रश्न सरकारलाही पडलेला आहे आणि त्याने तो सरकारी पद्धतीने सोडवला आहे. त्याने शहरांना अक्षरे वाटून दिली आहेत. आमच्या उमेदीत ए, बी, सी अशी अक्षरे होती. पुढे ती एक्स, वाय, झेड झाली. अक्षर पाहून घरभाड्याचा भत्ता ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ साली, तो मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के असा ठरला आणि महागाईभत्ता वाढला तसा पुढे ३०, २० आणि १० टक्के झाला. आमची सांगली वाय. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर हीही तिच्याच पंक्तीला. रत्नागिरी झेड. पण गंमत अशी, की मुंबई, पुणे आणि बंगळूर ही तिन्ही एक्स. म्हणजे पोरीला ज्या तीन गावांतून निवड करायची ती तिन्ही सरकारदरबारी सारखीच! दादरच्या खोलीत आणि कोथरूडच्या खोलीत सरकारला फरक दिसत नाही. तो ज्याला भाडे द्यावे लागते त्यालाच दिसतो.

तेव्हा मी अक्षरे बाजूला ठेवून आकडे मांडू लागलो. मुंबईचे 'पॅकेज' सहा लाखांचे होते. हा शब्द मला आवडतो. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही म्हणूनच त्याला पुडके म्हणत असावेत. महिन्याला पन्नास हजार म्हणावे, तर त्यात मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी धरलेला, ग्रॅच्युइटीही धरलेली. शिवाय तिचे स्वतःचे मूळ पगाराच्या बारा टक्के कापले जाणार, वर्षाकाठी अडीच हजार व्यवसायकर जाणार. हातात पडणार साडेबेचाळीस हजारांच्या आत. मग मुंबईचा दलाल एका महिन्याचे भाडे घेणार, अकरा महिन्यांचा करार संपला की नव्याने बोलणी होणार. बंगळूरला दहा-दहा महिन्यांचे भाडे अनामत मागण्याची जुनी चाल. २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोनच महिन्यांची मर्यादा घातली. पण तो आदर्श कायदा, आणि घरमालक हा आदर्शाच्या वाटेला फारसा जात नाही. पुण्याला भाडे कमी, पण पुण्यात वाहनावाचून माणूस अपंग. तेव्हा स्कूटर आली, पेट्रोल आले. मुंबईला लोकलचा पास स्वस्त. पण त्या पासाबरोबर दिवसाचे तीन तास जातात, त्यांची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

तक्ता सुरेख जमत आला होता. एकच शब्द अडला : 'सुखानं'. त्याचा आकडा काढण्यासाठी मी तिला उलट फोन केला.

"सुखानं म्हणजे काय गं?"

तिने जरा विचार केला. "स्वतःची खोली. तिला खिडकी. महिन्यातून एकदा घरी येणं. आणि कुणाकडे हात पसरावा न लागणं. बस्स."

"आणि घरी काही पाठवायचं?"

"ते उरलं तर, आजोबा," ती म्हणाली.

तिचे काही चुकले नाही. तिचे आईबाप दोघेही मिळवते आहेत, त्यांना तिच्या पैशांची गरज नाही. पण 'उरलं तर' हे शब्द कानावर पडले आणि माझी पेन्सिल थांबली. हेच शब्द मी एकदा लिहिले होते. १९७३ साली, गिरगावातून, अक्काला.

वडील १९५९ साली गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, धाकटी सहाची. अक्का अठराची. पुढल्याच वर्षी ती सांगलीत नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाली आणि त्या पगारावर आई, मी आणि धाकटी असे तिघे जगलो. शाळा सांभाळून ती बी. ए. झाली. माझी कॉलेजची फी तिने भरली. मला मुंबईला नोकरी लागली तेव्हा स्टेशनवर तिने माझ्या हातात वीस रुपये दिले आणि म्हणाली, "आता तुझं तू."

गिरगावात एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर मी खाटेच्या भाड्याने राहत असे. एका खोलीत पाच खाटा. शेजारची खोली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावाच्या मंडळाची होती. तीत किती माणसे राहतात हे मला कधीच मोजता आले नाही, कारण ती सगळी एकदम घरात कधी नसत. दिवसपाळीचा माणूस गिरणीत गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. प्रत्येकाची एक पेटी आणि भिंतीवर एक खुंटी. खोलीचे दोनचार रुपये, खानावळीचे पैसे, आणि बाकीची मनिऑर्डर. त्यांच्यापैकी कुणी 'एकटा' नव्हताच. जो तो मागे एक घर बांधून घेऊन आलेला. आणि त्यांना जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीने, व्याजाने माल उचलून महिनाअखेरपर्यंत वाट पाहत. त्यांच्यासाठीच पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मुंबईत एकटा पुरुष चार घास सुखाने खाई तो असा कुणा बाईच्या उधारीवर. हे मला फार उशिरा कळले.

त्या वर्षी माझ्या हातात दोनशे नव्वद रुपये येत. खाट तीस, खानावळ पंचाहत्तर, बाकी पास, चहा, धोबी मिळून साठ. एकूण खर्च एकशे पासष्ट. घरी चाळीस पाठवी. उरत पंच्याऐंशी. ते कुठे जात? हप्त्याने घेतलेले मनगटी घड्याळ होते. शिवाजी मंदिरला नाटके होती. थोडे पोस्टात पडत होते, कारण पुढेमागे लग्न करायचे तर मुंबईत पागडीची सोय हवी. व्यसन एकही नव्हते. मी फक्त सुखात होतो. जन्मात पहिल्यांदा.

आणि अक्काचे पत्र आले. तिला कोल्हापूरला बी. एड.ला प्रवेश मिळत होता. एक वर्ष बिनपगारी रजा घ्यावी लागणार होती. फीची तजवीज तिने भिशीतून केली होती. बी. एड. झाली की हायस्कुलात जागा, वरची श्रेणी. 'एक वर्षच तू दरमहा एकशे वीस पाठवू शकशील का? आई आणि धाकटी तेवढ्यात भागवतील.' एवढेच होते.

एकशे वीस पाठवून माझ्यापाशी पाच रुपये उरले असते.

मी नाही म्हटले नाही. मी हिशेब पाठवला. चांगला रेघा मारलेल्या कागदावर, दोन रकाने पाडून. खाटेचे तीसाचे पंचेचाळीस केले. खानावळ पंचाण्णव. दूध, रोज अर्धा लिटर, सव्वीस रुपये. डॉक्टरांनी सांगितलेले टॉनिक चौदा. कपडे व किरकोळ, आणखी दहा. बेरीज दोनशे पन्नास, शिल्लक चाळीस. खाली लिहिले : 'मुंबई फार महाग आहे. उरले तर जास्त पाठवीन.' बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.

आठ दिवसांनी कार्ड आले. 'हिशेब पोचला. चाळीस पुरेत. प्रकृतीस जप.'

अक्का कोल्हापूरला गेली नाही. पुढे धाकटीचे लग्न निघाले, मग आईचे दुखणे. मीही आपला वाटा उचलला. लग्नाला दिले, औषधाला दिले, आणि फिटले असे धरून चाललो. अक्का १९९९ साली प्राथमिक शाळेतूनच निवृत्त झाली.

नोकरीत असताना किमान वेतनाचे जुने कागद एकदा माझ्या हाताखालून गेले होते. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने पगाराचे एक सूत्र बांधले. सातव्या वेतन आयोगाचे किमान अठरा हजारही त्याच सूत्रावर उभे राहिले. त्यात मिळवता पुरुष एक, बायको ०.८, मुले दोन, प्रत्येकी ०.६, एकूण तीन माणशी अन्न. कापड वर्षाला माणशी अठरा वार. जळण, दिवाबत्ती वगैरेला पगाराचा पाचवा हिस्सा. आणि एक वाक्य असे, की बायकामुलांची मिळकत हिशेबात धरू नये. वाचताना मला अक्का आठवली होती. तिच्यामागेही तीन तोंडे होती. पण ती त्या सूत्रात कुठेच बसत नव्हती. मिळवती म्हणून नाही आणि एकटी म्हणूनही नाही. एकटे माणूस त्या सूत्रात नाहीच. तेव्हा मी पान उलटले होते. या खेपेला तक्ता घडी करून खिशात घातला आणि सांगलीची गाडी पकडली.

अक्का चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गावभागात दोन खोल्यांत एकटी राहते. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी आले होते, त्याची रेघ भिंतीवर अजून दिसते. ती पुसू देत नाही. चहा झाल्यावर मी विचारले, "अक्का, तुला एकटीला महिन्याला किती लागतं?"

ती वही घेऊन आली. दूध, भाजी, वीज, वर्तमानपत्र, केरफरशीची बाई, रक्तदाबाच्या गोळ्या. गॅस तीन महिन्यांनी. "अकरा हजार चारशे," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात चष्म्याची काडी मोडली, म्हणून चारशे वर."

"सुखानं?"

"म्हणजे काय! आता मी कुणाला जाब देत नाही."

थोडा वेळ मी त्या वहीकडेच पाहत राहिलो. मग म्हटले, "अक्का, त्र्याहत्तर साली मी पाठवलेला हिशेब खोटा होता."

"ठाऊक आहे मला."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. रोज अर्धा लिटर दूध लिहिलं होतंस. दुधावरची साय दिसली तरी तुला ओकारी यायची. आईनं लाख प्रयत्न केले."

अडतीस वर्षे मी परक्यांची बिले तपासली. माझे बिल तपासणारी माणूस घरातच होती. "मग बोलली का नाहीस?"

"तू नाही म्हटलं असतंस तर भांडले असते," ती म्हणाली. "तू हिशेब पाठवलास. हिशेबाशी कसं भांडायचं?"

"राग आला होता?"

"आला होता की. दोन वर्षं होता. मग धाकटीचं लग्न निघालं, त्या गडबडीत राहून गेला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. पण काय बोलणार? पगाराची थकबाकी मागल्या तारखेपासून देता येते, अशी कित्येक बिले मी मंजूर केली आहेत. वर्षाची थकबाकी देण्याचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. अक्काने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला.

"खिशात काय आहे ते? दाखव."

मी तक्ता दिला. तिने चष्मा लावला, शाळेतल्या वह्या तपासायची तशी पेन्सिल घेतली आणि मुंबईचा रकाना वरून खाली, मग पुण्याचा, मग बंगळूरचा, सावकाश तपासला. एके ठिकाणी थांबली.

"दूध धरलेलं दिसत नाही."

"पिते की नाही, मला ठाऊक नाही."

"मग विचार ना. विचारून लिहावं."

मी तिथूनच फोन लावला. "काय गं," मी विचारले, "तू दूध पितेस का?"

पलीकडून हसणे ऐकू आले. "पिते की. का हो आजोबा?"

मी तिन्ही रकान्यांत आकडा लिहिला. अक्काने बेरीज पुन्हा केली.