पिवळ्या शेतांपासून साल्मनपर्यंत

मे महिन्यात एडिंबराहून पर्थमार्गे पश्चिम किनाऱ्याकडे निघालात, तर सुरुवातीला दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं सोबत करतात. हे रेपसीड, आपल्या मोहरीच्याच कुळातलं. पुढे शेतं संपतात, ग्लेन कोचे उघडेबोडके डोंगर लागतात आणि ते उतरलं की जमिनीत लांबवर घुसलेली खाडी, लॉख लिनी. तिथे पाण्यावर गोल पिंजरे तरंगताना दिसतात. ती साल्मनची शेती. मागे पडलेल्या पिवळ्या शेतांचं या माशांशी नातं आहे, हे सांगूनही खरं वाटत नाही.

मालवणहून आलेल्या आईला हे पिंजरे दाखवले, तेव्हा तिने नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारला, "ह्यांका खावक काय घालतत?"

ज्या ओमेगा-३ साठी डॉक्टर साल्मन खा म्हणतात, त्यातली ईपीए आणि डीएचए ही आम्लं मुळात समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ तयार करतं. ते छोट्या माशांत उतरतं आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत. म्हणून पिंजऱ्यातल्या साल्मनलाही पूर्वी मुख्यतः छोट्या माशांचं कूट आणि तेलच घालत. पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही त्यासाठीच प्रसिद्ध. नॉर्वेत 1990 साली साल्मनच्या खाद्यातला सुमारे 90 टक्के भाग समुद्रातून येई. 2013 पर्यंत तो 30 टक्क्यांच्या आसपास उतरला. साल्मनची शेती वाढत गेली, समुद्रातले छोटे मासे काही वाढले नाहीत. मग सोया आला आणि माशाच्या तेलाच्या जोडीला रेपसीडचं तेल.

रेपसीडमध्येही ओमेगा-३ असतं, पण आपल्या जवसासारखं, वनस्पतीचं. त्यापासून ईपीए-डीएचए बनवणं साल्मनला थोडंफारच जमतं, आपल्यालाही तसंच. ही आम्लं खाद्यात फारच कमी पडली, तर माशाच्या तब्येतीवर परिणाम होतो. आणि त्याच्या अंगात जे नाही, ते आपल्या ताटात कुठून येणार? स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटिश साल्मन तपासला, तेव्हा 2006 ते 2015 या काळात त्यातलं ईपीए-डीएचए जवळपास निम्म्यावर आलेलं आढळलं. तरीही इतर बहुतेक माशांपेक्षा ते जास्तच होतं. आता टाक्यांत वाढवलेल्या शेवाळाचं तेलही खाद्यात येऊ लागलं आहे. म्हणजे मधले छोटे मासे वगळून थेट मुळाशी.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "मगे तारलीच खाल्लेली बरी." तिचं बरोबर आहे. पण आपल्या किनाऱ्यावरची काही तारलीसुद्धा बाजाराऐवजी कुटाच्या कारखान्यात जाते.

आमच्याकडे साल्मन अजून येतो. मात्र मिळेल तेव्हा हेरिंगही आणतो, तारलीची इकडची नातलग. तिरफळं घालून तिचं तिखलं फक्कड होतं. काटे तेवढे सांभाळायचे.