चौसष्ट केबीची वेस

डॉसमध्ये मेमरी मागणं सोपं होतं. किती बाइट हवेत ते मॅलॉकला सांगायचं, पॉइंटर हातात पडायचा. पण तोच बफर डीएमएला, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत डेटा ने-आण करणाऱ्या यंत्रणेला, द्यायचा म्हटलं, की 'किती'पेक्षा 'कुठे' हा प्रश्न मोठा व्हायचा. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डासाठी कोड लिहिताना कसब आवाजापेक्षा जागेच्या निवडीत लागे, असं माझं मत आहे.

याचं मूळ इंटेलच्या 8237 या डीएमए चिपमध्ये. 1981 च्या आयबीएम पीसीत मेमरीचा पत्ता 20 बिटांचा, आणि या चिपला मोजता येत होते 16. वरचे 4 बिट आयबीएमने बाहेर, पेज रजिस्टरमध्ये ठेवले. चिपचा काउंटर एफएफएफएफच्या पुढे गेला की स्कूटरच्या किलोमीटरसारखा शून्यावर येतो आणि पेज रजिस्टर होतं तिथेच राहतं. मग उरलेला डेटा त्याच 64 केबीच्या सुरुवातीला जाऊन पडतो. तिथे कोणाचं काय आहे, याची चिपला फिकीर नसते. फ्लॉपीच्या बाबतीत बायोस निदान 09 हा एरर कोड देऊन सावध करतं. साउंड कार्डाच्या बाबतीत तेवढंही नाही.

(पेज रजिस्टरचे पोर्टही कसे, तर चॅनल 1 ला 83, 2 ला 81, 3 ला 82. पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.)

यावरची जुनी युक्ती मला अजून आवडते. 8 केबी हवेत? 16 मागा. सेगमेंट गुणिले 16 अधिक ऑफसेट, असा खरा पत्ता काढा. 16 केबीत वेस आली तर एकदाच येणार, म्हणजे दोनांपैकी एक अर्धा भाग निर्धोक निघणारच. 640 केबीच्या संसारात ही उधळपट्टी होती, पण हिशेब चोख होता.

ईएमएम386 हा मेमरी मॅनेजर आल्यावर तोही हिशेब डळमळला. पेजिंगमुळे आपण काढलेला पत्ता खरा असेलच, याची खात्री उरली नाही. इंटरप्ट 4B वरच्या व्हर्च्युअल डीएमए सर्व्हिसला विचारावं लागे.

जुन्या यंत्रावर आज कोणी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम लिहीत असेल, तर एवढं सांभाळा: मेमरी सोडली हे डॉसला कळतं, 8237 ला नाही. ती लिहितच राहते. म्हणून आधी कार्ड थांबवा, मग 0A पोर्टवरून चॅनल मास्क करा आणि त्यानंतरच बफर परत द्या.