फ्लॉरेन्स ते उजळाईवाडी

फ्लॉरेन्सचा विमानतळ आणि कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर भरते. संगणकाला विचारले तर तो या अंतराला विमानाच्या सरासरी वेगाने भागतो, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतो आणि पावणेनऊ तासांच्या आसपासचे उत्तर देतो. गणित बिनचूक आहे. मात्र त्या वाटेने थेट जाणारे विमान नाही. आपल्या जुन्या ‘मजल’ या शब्दात ही फसगत नव्हती. माणूस एका दिवसात जेवढे चालेल तेवढी मजल. अंतर आणि वेळ तिच्यात एकजीव होते, आणि नदी फुगली की मजल आपोआप आखूड होई.

ही दोन गावे आम्ही उगाच निवडलेली नाहीत. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम (दुसरे) १८७० साली युरोपला गेले आणि परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. (आपल्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते राजाराम महाराज नंतरचे, शाहूंचे चिरंजीव.) त्यांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली, ती इंग्रजीत, म्हणून मराठी प्रवासवर्णनाच्या वर्गात आम्हांला ती क्वचितच भेटली. त्याच १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली होती. बातमीचे अंतर मिटले. माणसाचे तसेच राहिले. कोल्हापुरात तर आगगाडीच १८९१ साली आली.

आमच्या मातोश्री गेल्या त्या पहाटे आमची भाची शिक्षणासाठी त्याच फ्लॉरेन्समध्ये होती. बातमी तिला क्षणात कळली. दुपारचे विमान, मग दुसऱ्या देशातील विमानतळावरचा खोळंबा, मग मुंबई, मग रात्रभराची बस. इकडे वडीलधारी मंडळी म्हणाली, दिवस मावळायच्या आत उरकायला हवे. आम्ही थांबलो नाही. पंचगंगेच्या घाटावर कुणीतरी मोबाइल उंच धरला आणि त्या चौकटीतून तिने आजीला पाहिले. ती तिसऱ्या दिवशी सकाळी, रक्षाविसर्जनाला, पोहोचली.

संध्याकाळी तिने एवढेच विचारले, “मामा, किती तास थांबावं लागलं असतं?”

आम्ही हिशेब केला. “पन्नास.”

ती पुढे काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

राजारामांच्या दहनस्थळी १८७४ साली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार तोच. शेजारच्या पुलालाही तिकडचे लोक त्या ‘इंदियानो’च्याच नावाने ओळखतात. परत गेल्यावर पहिल्याच रविवारी भाची तिथे पायी जाऊन आली. त्या रात्री फोनवर आजीचा विषय तिने काढला नाही. मुन्योने अगदीच केवढीशी, आपल्या जयंती नाल्याएवढी आहे, असे मात्र दोनदा सांगितले.