आईची अपुरी गोधडी

१९७१ साली आम्ही दोघी बहिणी आईवडिलांबरोबर मुंबईहून बीरशेबाला आलो. तिथल्या हिवाळ्यातील रात्रीची थंडी आम्हांला नवीनच होती. आई म्हणायची, "कांबळ्याला गोधडीची ऊब नाही."

पुढे वय झाले तसे तिला लुगडे नेसणे जमेना. तेव्हा ट्रंकेतली जुनी लुगडी काढून तिने गोधडी शिवायला घेतली. काठाकडून आत धावदोरा घालत ती मधोमध आली. हातभर जागा उरली, आणि २०११ साली आई गेली.

गोधडी कपाटावर चढली. "पुढच्या हिवाळ्यात पुरी करू," असे आम्ही बारा वर्षे म्हणत राहिलो. खरे सांगायचे तर, ती पुरी झाली की आईचे काम संपले, हेच आम्हांला सोसवत नव्हते.

मग धाकटी घर मोडून लेकीकडे राहायला निघाली आणि गोधडी खाली काढावीच लागली. आईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. आमचे लांब आणि वाकडे. एकदा ते उसवलेदेखील. पुन्हा सुईत दोरा ओवेना, म्हणून नातीला हाक मारली, तेव्हा उमगले की आता आम्हीच आईच्या वयाला आलो. मग वाकडे टाके तसेच राहू दिले.

गोधडी धाकटीबरोबर गेली. आई कुठे थांबली, ते त्यावर बोट फिरवले की कळते.

वाचकहो, तुमच्याही कपाटावर असे काही पडले असेल, तर हात चालताहेत तोवर खाली काढा.