गेलेली नजर परत आली तरी

डोळ्यांच्या दवाखान्यात मला सगळ्यात विचारात पाडतो तो रुग्ण, ज्याला समोर बसला असताना काहीच होत नसतं. “डॉक्टर, परवा उजव्या डोळ्यावर वरून काळा पडदा उतरला. पाच-दहा मिनिटांनी आपोआप गेला. दुखलं अजिबात नाही.” तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, डोळ्याचा दाब ठीक असतो, औषध घालून बाहुली मोठी करून पाहिलं तरी आत बहुधा सगळं स्वच्छ. सोबतची मंडळी पित्तावर, जागरणावर येऊन थांबलेली असतात. मला काळजी वाटते ती मधे गेलेल्या दोन दिवसांची.

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीतूनच डोळ्याची धमनी निघते. मानेत त्या धमनीच्या भिंतीवर चरबीचा थर साचलेला असू शकतो. त्याचा एखादा कण, किंवा रक्ताची बारीक गुठळी, सुटून दृष्टिपटलाच्या रक्तवाहिनीत अडकली की डोळ्यापुढे अंधार होतो. ती विरघळली किंवा पुढे सरकली की पुन्हा दिसू लागतं. दृष्टिपटलावरच्या वाहिन्यांत अडकलेले कोलेस्टेरॉलचे चकाकते पिवळे कण १९६१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी वर्णन केले, आणि आजही आम्ही ते त्यांच्याच नावाने ओळखतो. आज डोळ्यात गेलेला कण उद्या मेंदूत जाऊ शकतो. अशा झटक्यानंतर पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतो. तेव्हा चष्म्याचा नंबर तपासत बसू नये. पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात त्याच दिवशी जावं. तिथे मेंदूचा एमआरआय, मानेच्या धमन्यांची डॉपलर तपासणी, ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल हे सगळं पाहतात. सणाचे दिवस आहेत, पाडवा झाला की दाखवू, असं करू नका. हात-पाय लुळे पडले, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ला फोन करावा, नजर परत आलेली असली तरी.

असा प्रसंग घडत असताना एक गोष्ट मात्र जरूर करा. आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. डाव्या बाजूचं दिसेनासं झालं की माणूस सांगतो, डावा डोळा गेला होता. पण दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू मेंदूच्या उजव्या भागात उमटते. बिघाड तिथे असेल तर कोणताही डोळा झाकला तरी डावीकडचं दिसत नाही. एकाच डोळ्याचं जात असेल तर शोध डोळ्यात आणि मानेत घ्यायचा, दोन्हींचं जात असेल तर मेंदूत. नंतर कोणत्याही यंत्रातून मला हे कळत नाही. ते रुग्णानेच सांगावं लागतं.

दोन्ही डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा येऊन वीस-तीस मिनिटांत बाजूला पसरत जात असतील, तर ती बहुतेक अर्धशिशी, डोकं दुखो न दुखो. ब्रिटिश डॉक्टर ह्युबर्ट एअरी यांनी १८७०मध्ये स्वतःला दिसणाऱ्या या रेषांची सुंदर चित्रं काढून ठेवली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९४१मध्ये स्वतःच्याच अनुभवावरून हिशोब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावर या रेषा उमटवणारी लाट मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकत असावी. मला हा हिशोब फार आवडतो: घड्याळ लावून केलेलं विज्ञान. अर्धशिशीतला बदल हळूहळू पसरतो. रक्त अडतं तेव्हा अंधार एकदम येतो. तरीही पन्नाशीनंतर अशा रेषा पहिल्यांदाच दिसल्या किंवा तासाभरानंतरही गेल्या नाहीत, तर तपासून घ्यायलाच हवं.

दिव्यांभोवती रंगीत कडी, डोळा दुखणं, मळमळ: हा काचबिंदूचा अचानक वाढलेला दाब असू शकतो. नव्याने लखलखाट आणि काळ्या ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला तर दृष्टिपटल फाटलंय का, ते पाहावं लागतं. दोन्हींसाठी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. खाली वाकताना काही सेकंद अंधारून येणं आणि सोबत रोजची डोकेदुखी, यात कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. एकदम उभं राहिल्यावर क्षणभर येणारी अंधारी मात्र बहुधा रक्तदाबाची असते. वारंवार येत असेल तर फिजिशियनना सांगा.

पन्नाशी ओलांडलेल्या, विशेषतः सत्तरीतल्या आजी-आजोबांची नजर क्षणभर जरी गेली, तरी आणखी दोन प्रश्न विचारा: जेवताना चावून जबडा भरून येतो का? केस विंचरताना कानशिलाजवळ दुखतं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर जरी ‘हो’ असलं, तरी धमन्यांना सूज आलेली असू शकते. ईएसआर आणि सीआरपीसाठी रक्त देऊन स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं, कारण उपचाराविना दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.